यूके स्टुडंट व्हिसा: पैसे चार ठिकाणी आहेत, २८ दिवस नेमके कुठून मोजायचे?

अबोली

नमस्कार. मुलीला लंडनमधल्या विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. कोर्स सप्टेंबरअखेर सुरू होतो. फी २६,५०० पौंड, पैकी ४,००० भरलेत. विद्यापीठाच्याच हॉस्टेलसाठी ६०० पौंड भरलेत. कॅस, म्हणजे व्हिसाच्या अर्जाला लागणारी विद्यापीठाची प्रवेशनिश्चितीची नोंद, अजून हातात आलेला नाही.

पैसे असे आहेत: तिच्या बाबांची एफडी, त्यातली एक राष्ट्रीयीकृत बँकेत आणि एक पतसंस्थेत. माझ्या बचत खात्यात काही रक्कम. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज मंजूर झालंय. शिवाय तिचा काका म्हणतो, कमी पडलं तर माझं स्टेटमेंट लावा.

प्रश्न असे:
१. नक्की किती रक्कम दाखवायची?
२. रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते म्हणतात, ते कुठून कुठपर्यंत मोजायचे? मध्येच फीचा दुसरा हप्ता भरला तर मोजणी मोडते का?
३. पतसंस्थेची एफडी आणि काकांचं खातं चालेल का?
४. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र पुरतं, की पैसे खात्यात यायला लागतात?

एजंट प्रत्येक वेळी वेगळं सांगतोय, म्हणून इथे विचारतेय.

---

मृगसर

आधी आकडा काढू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

राहण्याचा खर्च ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. कोर्स कितीही मोठा असला तरी जास्तीत जास्त ९ महिन्यांचाच दाखवायचा. म्हणजे तुमच्यासाठी १३,७६१ पौंड. मुलगी राहणार कुठे यावर हे ठरत नाही, शिकणार कुठे यावर ठरतं.

राहिलेली फी २२,५००. दोन्ही मिळून ३६,२६१. हॉस्टेलचे ६०० वजा करता येतात, कारण ते विद्यापीठाला भरलेत. खासगी घरमालकाला दिलेलं डिपॉझिट वजा होत नाही. विद्यापीठाला भरलेलं भाडंही फार तर १,५२९ पौंडांपर्यंतच वजा होतं. तुमचा आकडा झाला ३५,६६१ पौंड.

पण हे ४,००० आणि ६०० कॅसवर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर विद्यापीठाला सांगून कॅस दुरुस्त करून घ्या, नाहीतर पावत्या जोडा. कॅस आला की पहिल्यांदा तेवढीच ओळ तपासा. कॅस बनल्यानंतर भरलेले पैसे त्यावर आपोआप येत नाहीत, विद्यापीठाला ते नोंदवावे लागतात.

आता २८ दिवस. मोजणी शेवटाकडून मागे करायची. स्टेटमेंटवरची शेवटची तारीख धरा, त्या दिवसासकट मागे २८ दिवस मोजा. स्टेटमेंट ३० जूनला संपत असेल तर ३ जून ते ३० जून. या २८ पैकी एकाही दिवशी शिल्लक लागणाऱ्या रकमेखाली जाता कामा नये. सरासरी कोणी बघत नाही. २७ दिवस खात्यात दुप्पट पैसे असले आणि एक दिवस पाचशे रुपये कमी असले, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

दुसरी मर्यादा ३१ दिवसांची. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांहून जुनी नको. ३० जूनचं स्टेटमेंट असेल तर ३१ जुलैपर्यंत अर्ज. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरून अर्ज सादर केला तो दिवस. बोटांचे ठसे द्यायला जाता ती तारीख यात धरत नाहीत. बरेच जण अपॉइंटमेंटच्या तारखेवरून हिशेब करतात, त्यातून विनाकारण घाई होते.

दुसऱ्या हप्त्याचं: पैसे भरल्याने मोजणी मोडत नाही. हप्ता भरला की दाखवायची रक्कमही तेवढीच कमी होते. बघायचं इतकंच की नवी, कमी झालेली रक्कम २८ च्या २८ दिवस खात्यात होती का. समजा ५,००० पौंड भरले, तर आकडा ३०,६६१ वर येतो. भरल्यानंतरची शिल्लक त्याहून वर असेल आणि हप्ता कॅसवर किंवा पावतीवर दिसत असेल, तर काही बिघडत नाही. धोका तेव्हा, जेव्हा खात्यातून पैसे गेलेले दिसतात पण विद्यापीठाकडे पोचल्याचा कागद नसतो.

---

रानवाट

मृगसर यांच्या हिशेबात रुपयांची बाजू जोडतो.

रुपयातली शिल्लक पौंडात बदलताना अर्जाच्या दिवसाचा ओअँडा या संकेतस्थळावरचा दर धरतात आणि तोच दर मागच्या २८ दिवसांना लागतो. त्यामुळे स्टेटमेंट काढलं त्या दिवशी पुरेशी असलेली रक्कम अर्जाच्या दिवशी अपुरी ठरू शकते, खात्यातला एक रुपया न हलता. समजा दर ११५ रुपये असताना तुम्ही ३५,६६१ पौंडांसाठी ४१,०१,०१५ रुपये ठेवले आणि अर्जाच्या दिवशी दर ११८ झाला. आता ४२,०७,९९८ लागतात. लाखभर रुपये कमी पडले आणि मागे जाऊन ते भरता येत नाहीत. म्हणून किमान पाच टक्के जास्त ठेवा, जमलं तर दहा.

काकांचं स्टेटमेंट चालणार नाही. खातं मुलीचं स्वतःचं, आईचं, वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. काका, मामा, आजोबा, सख्खा भाऊ यांच्या नावाचे पैसे धरत नाहीत, मग त्यांनी नोटरी करून कितीही पत्रं दिली तरी. काकांना मदत करायचीच असेल तर पैसे मुलीच्या किंवा तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि आल्यापासून २८ दिवस थांबलं पाहिजे. एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसली की ती कुठून आली हे विचारलं जाऊ शकतं, तेव्हा काकांचं देणगीपत्र आणि त्यांच्या खात्यातून रक्कम गेल्याची नोंद जवळ ठेवा.

पतसंस्थेची एफडी धरू नका. नियम असा की संस्था त्या देशातल्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असावी, नोंदी संगणकीकृत असाव्यात आणि अधिकाऱ्यांना पडताळणी करता यावी. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना त्यांच्याकडे नसतो. पैसे खरे आहेत, पण या कामाला उपयोगाचे नाहीत. ती एफडी मोडून रक्कम आत्ताच बँकेत आणा आणि बँकेत जमा झाल्या दिवसापासून २८ मोजा. पतसंस्थेतले आधीचे दिवस यात जोडता येत नाहीत.

---

तांबडफुटी

सहकारी बँक आणि पतसंस्था यात गल्लत होऊ नये म्हणून लिहिते, कारण हा धागा वाचणारे बरेच जण नागरी सहकारी बँकेचे खातेदार असतील. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते, त्यामुळे ती सरसकट बाद होत नाही. पूर्वी यूकेच्या नियमांमध्ये न चालणाऱ्या बँकांची यादीच असायची आणि तीत भारतातल्या कितीतरी सहकारी बँका होत्या. आता यादी नाही, वर दिलेले तीन निकष आहेत. तरी बँक लहान असेल, पडताळणीच्या ईमेलला उत्तर देईल याची खात्री नसेल, तर माझं मत रक्कम मोठ्या बँकेत हलवावी असंच आहे. वेळ हातात असताना जोखीम कशाला घ्यायची?

अबोलीताई, तुमच्या बचत खात्यात ऑटो स्वीप आहे का ते आज बघा. ठरावीक रकमेवरचे पैसे बँक आपोआप एफडीत वळवते आणि स्टेटमेंटवर शिल्लक पंचवीस-पन्नास हजारच दिसते. अर्ज तपासणाऱ्यासमोर तेवढाच आकडा असतो. एक तर स्वीप बंद करून मग २८ दिवस मोजायला सुरुवात करा, नाहीतर स्वीपमधल्या सगळ्या ठेवींचा तपशील बँकेच्या पत्रावर घ्या.

एफडीबद्दल मुख्य अट एकच: पैसे लगेच काढता आले पाहिजेत. साधी एफडी मुदतीआधी मोडता येते, ती चालते. बँकेकडून पत्र घ्या. त्यात खातेदाराचं नाव, ठेवीचा क्रमांक, रक्कम, ठेव कधीपासून आहे, आणि मुदतीआधी मोडता येते हे स्पष्ट लिहिलेलं असावं. ठेव २८ दिवसांपेक्षा नवी असेल तर ती ज्या खात्यातून केली त्याचं स्टेटमेंटही सोबत लावा, म्हणजे दिवस जोडले जातील.

न चालणाऱ्या ठेवी दोन. पाच वर्षांची कर बचत ठेव, कारण ती मधे मोडता येत नाही. आणि तारण ठेवलेली ठेव. हे दुसरं फार वेळा निसटतं: ज्या एफडीवर शैक्षणिक कर्ज घेतलंय तीच एफडी स्वतंत्र रक्कम म्हणून दाखवली जाते. तिच्यावर बँकेचा बोजा आहे, ती तुमच्या हातात नाही. कर्ज धरलं तर ती एफडी सोडून द्या.

पीपीएफ, म्युच्युअल फंड, शेअर, सोनं, घराचं मूल्यांकन, सीएने दिलेलं मालमत्तेचं प्रमाणपत्र: यातलं काहीच या रकमेत धरत नाहीत. मुलीच्या बाबांचं दुकान किंवा फर्म असेल तर फर्मच्या नावाचं चालू खातंही नाही, खातं वैयक्तिक हवं.

---

अबोली

खूप आभार. स्वीप आहे. उद्याच बंद करते. पतसंस्थेची ठेवही मोडतोय.

दोन गोष्टी अजून. कर्जाच्या मंजुरीपत्रात अर्जदार म्हणून वडिलांचं नाव आधी आहे, मुलगी सहकर्जदार आहे. आणि खाली लिहिलंय की रक्कम घराचं गहाणखत पूर्ण झाल्यावर आणि व्हिसा मिळाल्यावर दिली जाईल. हे चालेल का?

दुसरं, जन्मदाखल्यावर मुलीच्या नावाचा रकाना रिकामा आहे. आणि माझं नाव माहेरचं आहे, बँकेत सासरचं.

---

सांजसकाळ

कर्जाच्या पत्रावर सविस्तर लिहितो, कारण पैसे असूनही अर्ज इथे अडतात.

कर्जाचा फायदा असा की त्याला २८ दिवसांची अट नाही. पैसे खात्यात यायची गरज नाही, पत्र पुरतं. पण पत्र अर्जाच्या तारखेच्या सहा महिन्यांहून जुनं नको आणि त्यात या गोष्टी हव्यात: बँकेचं नाव आणि लोगो, तारीख, विद्यार्थिनीचं नाव, मंजूर रक्कम, हे शैक्षणिक कर्ज आहे हा उल्लेख, ती यूकेला निघण्याआधी रक्कम उपलब्ध होईल हे विधान, आणि रक्कम देण्यावर कोणतीही अट उरलेली नाही. फक्त एक अट चालते, व्हिसा मिळण्याची.

त्यामुळे तुमच्या पत्रातली व्हिसाची अट ठीक आहे. गहाणखताची अट मात्र घातक आहे. तपासणारा त्याचा अर्थ असा घेतो की गहाणखत झालं नाही तर पैसे मिळणार नाहीत. उपाय एकच, गहाणखत आणि बाकीची कागदोपत्री पूर्तता आधी उरकून घ्या आणि मग बँकेकडून नवं पत्र मागा. मंजुरीपत्र हे बँकेच्या आणि तुमच्या व्यवहारासाठी असतं, त्यात दहा-पंधरा अटी छापील असतातच. व्हिसासाठी त्याच बँकेच्या लेटरहेडवर वेगळं, एका पानाचं पत्र घ्यायचं. ‘वितरणापूर्वीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या असून रक्कम केवळ व्हिसाच्या अधीन राहून, विद्यार्थिनी प्रवासास निघण्यापूर्वी उपलब्ध असेल’ या आशयाचं वाक्य इंग्रजीत हवं. शाखेतल्या अधिकाऱ्यांना हा मजकूर स्वतः टाइप करून नेऊन द्या, ‘व्हिसासाठी पत्र द्या’ एवढंच म्हटलं तर तेच छापील पत्र परत मिळतं.

दुसरी अडचण नावाची. कर्ज विद्यार्थिनीच्या नावावर असायला हवं. वडील मुख्य कर्जदार आणि मुलगी सहकर्जदार असं असेल तर ते वडिलांनी घेतलेलं कर्ज वाटू शकतं. नव्या पत्रात मुलीचं नाव कर्जदार म्हणून पहिलं यावं आणि वडील सहकर्जदार. बँक रचना बदलायला तयार नसेल तर निदान पत्रात ही रक्कम अमुक विद्यार्थिनीच्या शिक्षणासाठी तिला मंजूर झाली आहे, हे तिचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव घालून यावं. माझा सल्ला मात्र रचनाच बदलून घ्या.

पत्रात रक्कम ‘फीसाठी इतकी, राहण्यासाठी इतकी’ अशी विभागलेली असेल तर नीट वाचा. फीचा भाग मोठा आणि राहण्याचा शून्य असेल, तर ते १३,७६१ पौंड तुम्हाला खात्यांमधून २८ दिवसांच्या नियमानेच दाखवावे लागतील. कर्ज आणि ठेवी मिळून रक्कम पुरी करायला हरकत नाही. कर्जाचा भाग पत्रावर, उरलेला भाग स्टेटमेंटवर.

---

तांबडफुटी

जन्मदाखल्याचं मी सांगते.

आईवडिलांचे पैसे वापरायचे म्हणजे दोन कागद आणखी: नातं सिद्ध करणारा दाखला, आणि तुम्हा दोघांची संमतीपत्रं. नात्यासाठी जन्मदाखला, दत्तकपत्र किंवा पालकत्वाचा न्यायालयीन आदेश लागतो. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात, पण ते जन्मदाखल्याची जागा घेत नाही. आधार आणि रेशनकार्डही नाही.

नावाचा रकाना रिकामा असेल तर दाखला जिथे नोंदला त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून नवा दाखला घ्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची ओळखपत्रं आणि अर्ज, असं मागतात. याला आठवडे जाऊ शकतात, म्हणून सगळ्यात आधी हे काम हातात घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतरकाराचं नाव, सही, संपर्क, तारीख आणि ‘हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे’ असं लेखी विधान हवं. बरेच दाखले द्विभाषिक असतात, मग भाषांतर लागत नाही.

माहेर-सासरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लावा. ते नसेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद. सोबत एका ओळीचं प्रतिज्ञापत्र दिलंत तर वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. बाबांच्या नावाकडेही बघा: बँकेत आडनाव आधी, दाखल्यावर फक्त नाव आणि वडिलांचं नाव, असा घोळ आपल्याकडे नेहमी असतो. क्रम उलटा असेल तर चालून जातं, पण आद्याक्षरं आणि पूर्ण नाव असा फरक असेल तर बँकेकडूनच पूर्ण नावाचं पत्र घ्या.

संमतीपत्र साधं हवं. मी अमुक, अमुक हिची आई, माझ्या अमुक बँकेतल्या अमुक क्रमांकाच्या खात्यातली रक्कम तिच्या यूकेमधल्या शिक्षणासाठी आणि राहण्यासाठी वापरायला माझी संमती आहे. तारीख, सही. आईचं आणि बाबांचं वेगळं.

---

मृगसर

अपलोड करताना एक गोष्ट: बँकेची ई-स्टेटमेंट पासवर्डने उघडतात. पासवर्ड काढून मगच चढवा, तपासणारा पासवर्ड विचारायला फोन करत नाही. सगळी पानं चढवा, फक्त शेवटचं नाही. नुसतं ‘आजची शिल्लक इतकी’ असं बँकेचं प्रमाणपत्र २८ दिवस सिद्ध करत नाही, स्टेटमेंट लागतंच. तुमची दोन-तीन खाती आहेत, तर सगळ्यांची स्टेटमेंट एकाच तारखेला संपणारी काढा आणि त्याच २८ दिवसांची बेरीज जुळते का ते रोजच्या शिल्लकीवरून स्वतः तपासा. एका खात्यातून दुसऱ्यात त्या काळात काही हलवू नका. बेरीज बरोबर आली तरी वाचणाऱ्याला ती लागली पाहिजे.

आरोग्य अधिभाराचे (यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायच्या रकमेचे) पैसे या खात्यांतून स्टेटमेंट संपल्यानंतरच भरा. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. बारा महिन्यांच्या कोर्सला व्हिसा आधी एक महिना आणि नंतर चार महिने धरून मिळतो, म्हणजे साधारण १७ महिने. एक पूर्ण वर्ष आणि वरच्या पाच महिन्यांचे निम्मे, मिळून १,१६४ पौंड. ही रक्कम आणि व्हिसा फी वरच्या ३५,६६१ मध्ये धरलेली नाही.

क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, प्रमाणपत्र सहा महिने चालतं. अर्ज कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. जन्मदाखला आणि गहाणखत हे दोन्ही वेळखाऊ आहेत, तेव्हा २८ दिवस त्यांच्या बरोबरीनेच चालू द्या, त्यानंतर नको. फक्त ३१ दिवसांत अर्ज जाईल असा अंदाज आला की शेवटचं स्टेटमेंट काढा. उशीर झाला तर घाबरू नका, पैसे हलवले नसतील तर दुसऱ्या दिवशी नवं स्टेटमेंट काढता येतं. २८ दिवसांची चौकट पुढे सरकते, इतकंच.

---

रानवाट

एजंटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कोणी ‘महिनाभर आम्ही खात्यात पैसे ठेवतो’ म्हणत असेल तर लांब राहा. रक्कम अर्जदाराच्या ताब्यात आणि वापरात असायला हवी, भाड्याने आणलेली रक्कम तशी नसते. बनावट स्टेटमेंट सापडलं तर फसवणूक म्हणून दहा वर्षांची बंदी येते.

प्रामाणिक चूक वेगळी. पैशांच्या कागदात कमतरता राहून अर्ज नामंजूर झाला तर बंदी येत नाही, आरोग्य अधिभार परत मिळतो, व्हिसा फी जाते. फेरतपासणी २८ दिवसांत मागता येते, तिचे ८० पौंड लागतात, पण ती तपासणाऱ्याची चूक असेल तरच. तेव्हा नवे कागद घेत नाहीत. आपलाच कागद चुकला असेल तर सरळ नवा अर्ज करावा, आणि त्याला नवा कॅस लागतो, एक कॅस एकाच अर्जाला वापरता येतो. पुढच्या प्रत्येक अर्जात आधीचा नकार लिहावा लागतो, लपवू नये.

---

अबोली

कळलं. क्रम असा लावतेय: आज स्वीप बंद, पतसंस्थेची ठेव मोडायचा अर्ज, उद्या महापालिकेत दाखला, सोमवारी बँकेत सांजसकाळ यांनी दिलेल्या मजकुराचं पत्र घेऊन. दुसरा हप्ता कॅस येण्याआधी भरू, म्हणजे तो त्यावरच येईल. चालेल ना?

---

मृगसर

चालेल. हप्ता भरल्यावर विद्यापीठाच्या पोर्टलवर तो जमा झालेला दिसेपर्यंत कॅस मागू नका. परदेशी रक्कम पोचायला काही दिवस जातात, आणि कॅस त्याआधी निघाला तर परत दुरुस्तीचं पत्र लिहीत बसावं लागेल.